ओसरीवरच्या शिकवणीचा कानमंत्र

पोरी, ओसरीवर संध्याकाळची इंग्रजीची शिकवणी काढतेयस हे ऐकून फार बरं वाटलं. सतरंजी अंथरली, फळा टांगला, आणि पहिल्याच दिवशी म्हणे 'टेन्स' घेणार होतीस! सावकाश, माझे बाई. समोर बसणार आहेत ती मराठी शाळेतली पहिली ते चौथीची लेकरं. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, त्यामुळे अक्षरं त्यांच्या ओळखीची असतात. घोडं अडतं ते तोंड उघडताना. म्हणून थोडं सांगते.

१. आल्या आल्या वही काढायला लावू नकोस, आधी हातपाय धुऊन मूठभर शेंगदाणे-गूळ खाऊ दे — दुपारची खिचडी संध्याकाळपर्यंत पुरत नाही. पोट बोलतं तेव्हा कान ऐकत नाहीत.

२. पाऊण तासाच्या वर ताणू नकोस — दमलेलं पोर नुसती मान हलवतं आणि तुला वाटतं, समजलं.

३. पहिल्या दिवशी नवं काही शिकवूच नकोस, त्यांच्यापाशी काय आहे ते फळ्यावर मांड — बॅट, बॉल, आऊट, ओव्हर, बस, कप, पेन, चार्जर... सांगता सांगता फळा भरतो. हे सगळं आपल्याला येतं, म्हणून पोरं एकमेकांकडे बघायला लागतात, आणि अर्धी भीती तिथेच जाते.

४. अक्षराचं नाव वेगळं आणि आवाज वेगळा, हे सगळ्यात आधी बसव — आपला क कुठेही गेला तरी क, पण त्यांचा 'सी' कॅटमध्ये क होतो आणि सिटीत स. अक्षरं २६ आणि आवाज ४४च्या आसपास, मग लेकरू गोंधळणारच. एबीसीडीच्या ओळीने जाऊ नकोस. एस, ए, टी, आय, पी, एन या सहांपासून सुरू कर. एवढ्यातच सॅट, पिन, टॅप, पॅन, नॅप, टिन असे कितीतरी शब्द जुळतात आणि पोर ते स्वतः जुळवून वाचतं. 'सी ए टी कॅट' घोकलेल्याला कॅट येतो, पण पुढे मॅट आला की ते तुझ्या तोंडाकडे बघतं.

५. जे शब्द आवाजाने जुळत नाहीत, म्हणजे 'द', 'वॉज', 'सेड' असले, ते चिठ्ठ्यांवर लिहून दाराला चिकटव, रोज दोनच — ते नजरेनेच पाठ होतात. अमेरिकेतल्या एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ साली अशा नेहमी लागणाऱ्या २२० शब्दांची यादी केली होती, ती आजही कामाला येते.

६. 'बी' आणि 'डी' एकाच आठवड्यात शिकवू नकोस — एकाचं पोट दुसऱ्याला लागतं. सहा-सात वर्षांचं पोर उलटं लिहितं म्हणून आईला घाबरवूही नकोस.

७. एक छोटा आरसा ओसरीवर ठेव — 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोघांना आपल्याकडे एकच व. 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकायचे, 'वॉटर' म्हणताना ओठांचा चंबू करायचा. दहा वेळा सांगून कळत नाही ते आरशात एकदा दिसलं की कळतं.

८. चुकलं तर मधेच टोकू नकोस, बरोबर वाक्य आपल्या तोंडून सहज येऊ दे — मोडक्या खुर्चीकडे बोट दाखवून पोर म्हणेल, 'शी इज ब्रोकन.' आपली खुर्ची 'ती' ना, मग त्याच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. तू म्हणायचं, 'येस, इट इज ब्रोकन', आणि पुढे जायचं. कुणी फिदीफिदी हसलं तर मात्र तिथल्या तिथे थांबव. हशाने चूक जात नाही, बोलणं जातं.

९. एखादं महिनाभर गप्प बसेल, त्याला खोदू नकोस — आधी समजतं, मग बोलता येतं. 'ओपन द डोअर', 'ब्रिंग द चॉक' अशी कामं सांग. उठून दार उघडलं म्हणजे ते शिकतंय.

१०. 'आजपासून मराठी बंद' हे फर्मान कधीही काढू नकोस, दंड तर नाहीच नाही — गोष्ट आधी मराठीत सांगितली की इंग्रजीत पुढे काय येणार याचा अंदाज पोराला बांधता येतो. घरची भाषा दाराबाहेर ठेवलेलं पोर निम्मंच आत येतं, बाई. हे मात्र गाठीला बांधून ठेव.

११. गाईडातली उत्तरं फळ्यावर उतरवू नकोस — वही भरते, डोकं नाही.

१२. 'आम्हाला कुठं येतं इंग्रजी' असं आई म्हणाली, तर तिला रोज पाच मिनिटं नुसतं ऐकायला सांग. पोराने वाचायचं आणि मग तीच गोष्ट मराठीत सांगायची — शब्द कळले नाहीत तरी लेकरू कुठे अडखळलं ते आईला कळतं.

१३. फी पोराकडे मागू नकोस, चारचौघांत तर नाहीच — ज्यांचं घर सोयाबीनच्या पैशावर चालतं त्यांच्याकडे दिवाळीआधी पैसा नसतो, आणि लाजलेलं पोर दुसऱ्या दिवशी येत नाही.

१४. दार सताड उघडं ठेव, आणि कोणतं पोर कुणाबरोबर गेलं ते रोज लिहून ठेव — अंधार पडल्यावर 'गेलं असेल' चालत नाही.

१५. प्रत्येक पोराचं एक पान ठेव: कुठला आवाज अडतो, कुठला शब्द आला, कशाला खुलतं — उद्या तू शाळेत शिक्षिका म्हणून लागलीस, तर शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २८ प्रमाणे तुला खाजगी शिकवणी घेता येणार नाही. गल्लीतल्या बारावी झालेल्या एखाद्या मुलीला आत्तापासूनच शेजारी बसवत जा आणि वही तिच्याही हाताखालून जाऊ दे, म्हणजे पोरांना पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागणार नाही.