ऋतू, परिसर आणि कीटकांचे पंख

पंख हा कीटकाला जन्मजात लाभलेला अवयव असून त्याचा आकार आनुवंशिकतेनेच ठरतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु एकाच मादीच्या दोन पिल्लांपैकी एक मोठेपणी दूरवर उडावे आणि दुसऱ्याला कधीच उडता येऊ नये, असेही निसर्गात घडते. याचे उदाहरण पाहण्यासाठी दूर जावयास नको. यंत्रमागांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिवंडीच्या भोवतालच्या गावांत आजही पावसाळी भातशेती होते. भाताचा एक जुना शत्रू या बाबतीत आपल्याला पुष्कळ शिकवू शकतो.

हा शत्रू म्हणजे तपकिरी तुडतुडा. तीन-चार मिलिमीटर लांबीचा हा कीटक चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसून रस शोषतो. त्याचे प्रौढ दोन प्रकारचे असतात. लांब पंखांचे तुडतुडे वाऱ्याबरोबर दूर जातात. आखूड पंखांच्यांना उडता येत नाही; मात्र त्यांच्या माद्या लवकर अंडी घालू लागतात आणि अधिक अंडी घालतात. जी शक्ती पंखांवर व उड्डाणाच्या स्नायूंवर खर्च व्हायची, ती येथे प्रजननाकडे वळते.

कोणते पंख फुटणार, हे पिल्लाच्या वाढीच्या काळात ठरते. पीक कोवळे, रसदार आणि गर्दी कमी असेल तर आखूड पंखांचे प्रौढ अधिक निपजतात. भात पिकू लागले, रस बदलला आणि एकेका चुडावर दाटी झाली की लांब पंखांची संख्या वाढते. अन्न आहे तोवर मुक्काम आणि ते सरू लागताच प्रस्थान, असा हा क्रम आहे. चिनी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, इन्सुलिनचा संदेश स्वीकारणारे दोन ग्राहक या कीटकात परस्परविरोधी कार्य करतात : एक लांब पंखांकडे नेतो, तर दुसरा आखूड पंखांकडे. म्हणजे दोन्ही शक्यता प्रत्येक पिल्लात असतात. त्यांतील एकीची निवड परिस्थिती करते.

ऋतूचा प्रभाव याच परिसरातील एका फुलपाखरातही दिसतो. सायंकाळी उडणाऱ्या, ‘मेलानिटिस लीडा’ या शास्त्रीय नावाच्या तपकिरी फुलपाखराच्या अळ्या गवत व भाताची पाने खातात. पावसाळी पिढीच्या पंखांखालील बाजूस डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात. कोरड्या ऋतूतील पिढीत ते फिके पडतात, पुढील पंखाचे टोक अधिक कोनदार होते आणि बसलेले फुलपाखरू वाळलेल्या पानासारखे भासते. हिरवळ ओसरून भुईवर पाचोळा साचलेला असताना हाच वेश त्याचे रक्षण करतो.

तुडतुड्याची परिस्थिती मात्र काही अंशी आपणच घडवतो. युरियाचा अतिरेक केल्याने पीक लुसलुशीत होते, दाट लावणीमुळे बुंध्याशी दमट सावली राहते आणि सरसकट फवारणीने कोळ्यांसारखे त्याचे नैसर्गिक शत्रू मरतात. मग त्याची संख्या झपाट्याने वाढून शेतात गोलाकार करपलेले पट्टे दिसू लागतात आणि हाताशी आलेले पीक जाते. म्हणूनच नत्र बेताने व विभागून द्यावे, लावणी करताना दर दोन-तीन मीटरवर फूटभर वाट मोकळी सोडावी आणि प्रादुर्भाव दिसताच खाचरातील पाणी काही दिवस काढून टाकावे.

वसतिगृहातून सुट्टीत गावी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने बांधावर बसून एक चूड दोन्ही हातांनी बाजूला करावा आणि भिंगातून बुंधा पाहावा. आखूड पंखांचे तुडतुडे अधिक दिसले, तर त्यांचा तेथे मुक्काम असून संख्या वाढत आहे, असे समजावे. लांब पंखांचे अधिक दिसले, तर ती मंडळी नुकतीच आली आहेत किंवा आता निघण्याच्या तयारीत आहेत. यांतील काय खरे, ते पिकाच्या वयावरून कळेल. ही नोंद त्याने घरच्या वडीलधाऱ्यांना सांगावी. वेळेवर केलेल्या अशा निरीक्षणाने एका कुटुंबाचे वर्षाचे भात वाचू शकते. शाळेत शिकलेल्या विज्ञानाचे याहून मोठे सार्थक ते कोणते?