व्यायामाचे पुस्तक कसे निवडावे?

वार्षिक परीक्षा संपली, की पुष्कळ विद्यार्थ्यांना व्यायामाचा हुरूप येतो. तालीम किंवा व्यायामशाळा घराजवळ असतेच असे नाही. मग घरच्या घरी व्यायाम शिकवणारे एखादे पुस्तक आणले जाते. पंधरा दिवस उत्साहाने व्यायाम होतो आणि मग ते पुस्तक माळ्यावर जाते. दोष अर्थातच आळसाला दिला जातो. पण बरेचदा खरा दोष पुस्तकाचा असतो. अशक्य आश्वासनामागे धावलेला विद्यार्थी शेवटी 'व्यायाम आपल्याला लागू पडत नाही' अशी समजूत करून घेतो. हे नुकसान पुस्तकाच्या किमतीपेक्षा फार मोठे आहे.

पुस्तक विकत घेण्यापूर्वीच त्याची पारख करता येईल का? येईल. त्यासाठी कार्य, ऊर्जा आणि तरफ हे शाळेत शिकलेले भौतिकशास्त्र बरेच कामी येते.

आश्वासनाचा हिशोब

'सात दिवसांत एक किलो चरबी घटवा' असे आश्वासन एखाद्या पुस्तकात दिले आहे असे समजू. ते खरे असण्यासाठी किती कार्य करावे लागेल?

५० किलोग्रॅम वस्तुमानाचा विद्यार्थी जिन्याने ३ मीटर उंचीचा एक मजला चढला, तर त्याने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले कार्य ५० × ९.८ × ३ = १४७० ज्यूल होते. अशा कामात स्नायूंची कार्यक्षमता ढोबळमानाने एक-चतुर्थांश असते. बाकीच्या ऊर्जेची उष्णता होते, म्हणूनच आपल्याला घाम येतो. म्हणजे शरीराला सुमारे ५८८० ज्यूल, अर्थात जवळजवळ १.४ किलोकॅलरी ऊर्जा खर्च करावी लागली. एक किलोग्रॅम शारीरिक चरबीत सुमारे ७७०० किलोकॅलरी ऊर्जा साठवलेली असते. ७७०० ला १.४ ने भागले, की उत्तर येते ५५०० मजले! ही उंची साडेसोळा किलोमीटर भरते; एव्हरेस्टच्या जवळजवळ दुप्पट. सात दिवसांत हे उरकायचे, तर रोज सुमारे ७८५ मजले चढावे लागतील.

मग काही जणांचा वजनकाटा दोन दिवसांत एक किलो कमी कसा दाखवतो? एक लिटर पाण्याचे वस्तुमान एक किलोग्रॅम असते, हे लक्षात घ्या. घामावाटे गेलेले पाणी पिताच वजन पुन्हा पूर्ववत होते. 'पोटाच्या व्यायामाने फक्त पोटावरची चरबी वितळते' हे विधानही असेच फसवे आहे. स्नायूंना लागणारे चरबीचे इंधन रक्तावाटे साऱ्या शरीरातून येते. ते शेजारच्याच साठ्यातून घेतले जाईल असा नियम नाही.

याचा अर्थ व्यायाम निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. हृदय, फुप्फुसे, स्नायू आणि हाडे यांना त्याचा लाभ होतो. मात्र तो लाभ महिन्यांच्या हिशोबाने मिळतो, आणि चांगले पुस्तक तसे स्पष्टपणे सांगते.

उंची वाढवणारी पुस्तके

तुमच्या वयाच्या वाचकांना सर्वांत जास्त भुरळ पडते ती उंची वाढवण्याच्या आश्वासनाची. आडव्या दांड्याला लोंबकळल्यावर उंची मोजली, तर ती किंचित वाढलेली दिसूही शकते. असे का व्हावे?

आपल्या पाठीच्या मणक्यांमध्ये पाणी धरून ठेवणाऱ्या लवचिक चकत्या असतात. दिवसभर उभे राहण्या-बसण्याने त्यांच्यावर शरीराचा भार पडतो, त्यांतील थोडे पाणी बाहेर पडते आणि त्या दबतात. रात्री आडवे झाल्यावर त्या पुन्हा फुगतात. त्यामुळे सकाळची उंची रात्रीपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर अधिक भरते. लोंबकळण्याने हीच क्रिया थोड्या वेळापुरती घडते. अंतराळवीरांची उंची भारहीन अवस्थेत काही सेंटिमीटर वाढते, पण पृथ्वीवर परतल्यावर ती पुन्हा पूर्वीइतकी होते.

खरी उंची वाढते ती लांब हाडांच्या टोकांजवळील कूर्चेच्या वाढीमुळे. ही वाढ आनुवंशिकता, आहार आणि संप्रेरके यांवर अवलंबून असते. दांड्याला लोंबकळल्याने हाताची पकड सुधारेल, आणि तेवढ्यासाठी तो व्यायाम चांगलाच आहे. पण त्यातून उंची वाढवून देण्याची हमी देणारे पुस्तक परत फडताळात ठेवावे.

पायऱ्या आहेत का?

आता पुस्तकातील व्यायामांकडे वळू. जोरासारखा, पण शरीर सरळ ठेवून करायचा पुश-अप हा प्रकार घ्या. 'रोज वीस पुश-अप काढा' एवढेच लिहिलेले पुस्तक अपुरे आहे. ज्याला एकही जमत नाही त्याने काय करावे?

पुश-अपमध्ये आपले शरीर ही एक तरफ असते. पायांची बोटे हा टेकू, गुरुत्वमध्याशी भार आणि तळहातांशी बल. बोटांपासून गुरुत्वमध्याचे आडवे अंतर ८० सेंटिमीटर आणि तळहातांचे १२० सेंटिमीटर असेल, तर ५० किलोग्रॅमच्या विद्यार्थ्याच्या हातांवर ५० × ८० ÷ १२० = सुमारे ३३ किलोग्रॅम भार येईल. म्हणजे वजनाचा दोन-तृतीयांश भाग. गुडघे टेकले, की टेकू पुढे सरकतो आणि हा भार अर्ध्याहून थोडाच अधिक राहतो. हात भक्कम टेबलाच्या कडेवर ठेवले तर तो आणखी कमी होतो, आणि भिंतीला हात लावून उभ्याने केल्यास फारच कमी.

भिंत, टेबल, गुडघे आणि शेवटी जमीन. बघा, कोणतेही साधन न आणता एकाच व्यायामाच्या चार पायऱ्या झाल्या! ज्या पुस्तकात प्रत्येक व्यायामाच्या अशा सोप्या-कठीण पायऱ्या दिलेल्या असतात आणि वरची पायरी केव्हा चढावी हेही सांगितलेले असते, ते घरी वापरण्याजोगे पुस्तक.

येथे एक सावधगिरी हवी. भौतिकशास्त्राचे सूत्र आंधळेपणाने लावू नये. कोपर आणि पायांची बोटे टेकून शरीर फळीसारखे स्थिर धरण्याच्या व्यायामात विस्थापन शून्य, म्हणून बाह्य कार्यही शून्य. तरी अर्ध्या मिनिटात आपण थरथरू लागतो. कारण स्थिर दिसणाऱ्या स्नायूंच्या आत सूक्ष्म तंतू एकसारखे जोडले जात आणि सुटत असतात, आणि त्यासाठी ऊर्जा लागतेच. तेव्हा हालचाल दिसत नाही म्हणून व्यायाम निकामी ठरत नाही.

मोजमाप आहे का?

१९५० च्या दशकाच्या अखेरीस बिल ऑर्बन यांनी कॅनडाच्या हवाई दलासाठी 'फाइव्ह बीएक्स' ही पद्धत तयार केली. त्यात पाच व्यायाम, रोज अकरा मिनिटे आणि चढत्या श्रेणीचे सहा तक्ते होते. साधन काहीच नको. कोणत्या पायरीवर किती आवर्तने करायची हे तक्त्यात पाहून कळे. अमेरिकेच्या हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये 'एरोबिक्स' हे पुस्तक लिहिले. चालणे, धावणे, पोहणे अशा व्यायामांना त्यांनी गुण दिले. बारा मिनिटांत किती अंतर धावता येते यावरून दमसास अजमावण्याची चाचणीही त्यांचीच. दोन्ही पुस्तकांचे मोठेपण यात आहे, की वाचकाला स्वतःची प्रगती आकड्यांत पाहता आली.

मात्र जुने पुस्तक नावाजलेले असले, तरी त्यातले सारेच आज जसेच्या तसे घेऊ नये. 'फाइव्ह बीएक्स'मधील पाठीवर निजून पूर्ण उठून बसण्यासारखे काही प्रकार कंबरेवर ताण आणतात. त्यांऐवजी सौम्य प्रकार सुचवले जातात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा पुस्तकांतून प्रसार केला, आणि १९३८ मध्ये या विषयावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले. थोडी जागा, ठरलेला क्रम आणि मोजता येणारी संख्या हे सूर्यनमस्कारांचे गुण उघडच आहेत. पण ते शिकवणारे आजचे पुस्तकही याच कसोट्यांवर घासून पाहावे.

विकत घेण्यापूर्वी

दुकानात किंवा ग्रंथालयात पुस्तक चाळताना पुढील प्रश्न विचारा :

१. आश्वासन हिशोबात बसते का?
२. प्रत्येक व्यायामाच्या सोप्या आणि कठीण पायऱ्या आहेत का?
३. चित्रांत फक्त सुरुवात आणि शेवट न दाखवता मधली स्थिती, श्वास आणि गती सांगितली आहे का? झटक्याने केलेल्या हालचालीत संवेगच बरेचसे काम करतो आणि सांध्यावर अकस्मात ताण येतो.
४. केव्हा थांबावे, कोणी डॉक्टरांना विचारावे, हे लिहिले आहे का?
५. दमसास आणि ताकद या दोन्हींचा विचार आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल करावी. आठवड्यातून निदान तीन दिवस तीत जोमदार व्यायाम आणि स्नायू व हाडे बळकट करणारे प्रकार असावेत. मैदानी खेळही यात धरले जातात.

करून पाहा

१. सकाळी उठल्याबरोबर आणि रात्री झोपण्यापूर्वी, भिंत व गुण्या वापरून आपली उंची आठवडाभर मोजा. दोन्हींच्या सरासरीत किती फरक पडतो?

२. तळहातांखाली वजनकाटा ठेवून पुश-अपच्या स्थितीत स्थिर राहा. आधी बोटांवर, मग गुडघ्यांवर. गुडघ्यांखाली काट्याच्या उंचीइतकी वह्यांची चळत ठेवा. आकडे तरफेच्या नियमाशी ताडून पाहा.

३. एकाच जिन्याचे ठरावीक मजले ठरावीक वेळात चढा. बरोबर एका मिनिटाने १५ सेकंद नाडी मोजून तिला चारने गुणा. निवडलेल्या पुस्तकाप्रमाणे चार आठवडे व्यायाम करून हीच चाचणी पुन्हा घ्या आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी मांडा. वर्गातील सर्वांच्या नोंदींवरून शिक्षकांना एक चांगला आलेख काढून घेता येईल.