उरलेल्या लोकरीची माणसं

१. नवी लोकर कुणासाठी घ्यायची हे घरात आधीच ठरलेलं असतं. बाळंतपणाला आलेल्या लेकीच्या बाळासाठी, नव्या जावयासाठी, फार तर शाळेत जाणाऱ्या नातवासाठी. कितीतरी माणसं या यादीत कधी येतच नाहीत. चुलत सासरे, एकटी राहणारी आत्या, शेतावरचा सालदार. त्यांच्या नावानं कुणी दुकानात जाऊन लोकर मागत नाही. माझ्या पिशवीत स्वेटरांतून उरलेले गुंडे साठत गेले. ते कुणाचेच नव्हते, म्हणून कुणालाही देता आले. साक्रीसारख्या गावात प्रत्येक देण्याघेण्याची कुठंतरी नोंद राहते. तिथं ही केवढी मोकळीक आहे, हे मला हळूहळू उमगलं.

२. कानटोपी करायची तर आधी डोकं माहीत हवं. क्रोशेची टोपी माथ्यावरून सुरू होते. चार साखळ्यांचं कडं, त्यात बारा खांब, पुढच्या फेरीला चोवीस, मग छत्तीस. दर फेरीला बारा वाढवत गेलं की सपाट चकती होते. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५६ सेंटीमीटर. चकती १७ सेंटीमीटरच्या आसपास आली की वाढवणं थांबवायचं, मग कड आपोआप खाली वळते. नुकत्या जन्मलेल्या बाळाचं डोकं ३५ सेंटीमीटरचं, त्याची चकती ११ वरच थांबते. गणित सोपं आहे. पण चुलत सासऱ्यांच्या डोक्याला सुनेनं टेप कसा लावायचा? शेवटी खुंटीवरच्या त्यांच्या गांधी टोपीचा घेर मोजला. इतकी वर्षं एका घरात राहून ते कुठल्या मापाची टोपी घालतात, हे मला त्या दिवशी कळलं.

सालदाराच्या टोपीची गोष्ट वेगळी. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडचा पारा एकेरी आकड्यावर उतरतो. पंपाची लाईट रात्रीची असली की कांद्याला, गव्हाला पाणी भरायला त्याच गारठ्यात जावं लागतं. पाय ओले, हातात फावडं, आणि वारा आधी कानांत शिरतो. म्हणून त्याच्या टोपीला कानांवर येणाऱ्या दोन पट्ट्या जोडल्या, त्याही मुक्या खांबाच्या. मुका खांब आखूड असतो, वीण घट्ट बसते. उंच खांबांच्या फटींतून वारा आत येतो. टोपी बघायला छान असणं आणि रात्री दोन वाजता उपयोगी पडणं यांत वीण बदलते, हे मला कुठल्याही नमुन्यानं सांगितलं नसतं.

३. उरलेली लोकर डोळ्यांनी मोजता येत नाही, वजनानं मोजावी लागते. फेरी विणण्याआधी आणि नंतर गुंडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचा. फेरीला ३ ग्रॅम गेले आणि १२ उरलेत, तर पुढच्या फेऱ्या चार, त्यातच काठ बसवायचा.

४. ऊन आणि आग या दोन गोष्टी आधी विचारात घ्याव्यात. बाजारात आपण जिला लोकर म्हणतो ती बहुतेक ॲक्रिलिकची असते. थंडीत ती उबदार, पण चुलीजवळ वितळते आणि गरम इस्त्रीनं चपटी होते. म्हणून गरम भांडं उचलायची, तव्याखाली ठेवायची कुठलीही वस्तू मी उरलेल्या सुती दोऱ्याचीच करते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात तेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा लोकरीचा बटवा हातात घेतला तरी घाम येतो. त्या दिवसांत सुती दोऱ्याचे रुमाल, मोबाईलच्या पिशव्या, वेणीला लावायची फुलं. आपला मुलूख कापसाचा आहे, हे विणताना विसरून चालत नाही.

५. पोळ्याच्या आधी माझी पिशवी रिकामी होते. बैलांच्या कपाळावर आणि शिंगांना गोंडे लागतात, आणि गोंड्याला तर बोटभर तुकडेही पुरतात. घरातल्या कुणाच्याही पसंतीला न उतरलेला भडक गुलाबी, झेंडूचा पिवळा, पोपटी, सगळे रंग तिथं शोभतात. शिंगांना रंग, अंगावर झूल, कपाळावर गोंडा, असा बैल वेशीतून निघाला की शेजारच्या पोरी हात दाखवून सांगतात, तो पिवळा आमच्या स्वेटरचा. मला हे फार आवडतं. आता ट्रॅक्टर वाढले, बैलजोड्या कमी झाल्या, तसे गोंडेही कमी लागतात, याचं मनापासून वाईट वाटतं.

६. रंग जुळले पाहिजेत हा हट्ट सुटला तेव्हाच खरं विणणं सुरू झालं. आमच्या मोठ्या मायनं शिवलेल्या गोधडीत तिच्या लुगड्यापासून पोरांच्या चड्ड्यांपर्यंत सगळं एकाशेजारी एक बसलं होतं, आणि ती बेंगरूळ कधीच दिसली नाही, कारण तिनं सगळ्याला एकाच रंगाच्या दोऱ्यानं धावदोरा घातला होता. मी तेच करते. आत कितीही रंग असोत, काठ एकाच रंगाचा, बहुतेक वेळा काळा.

७. या कामाची किंमत विचारली की मी पूर्वी गप्प बसायचे. स्वेटर विणणारी यंत्रं आहेत, पण क्रोशेचा खरा टाका अजून कारखान्यातली यंत्रं घालत नाहीत. बाजारात दिसणारा खऱ्या क्रोशेचा प्रत्येक रुमाल कुणाच्या तरी बोटांनीच केलेला असतो. आंध्रातल्या गोदावरीकाठच्या नरसापूर भागात बायका १९व्या शतकापासून अशी लेस करतात. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. माल परदेशी जातो, आणि करणारी बाई मात्र ‘घरीच असते’ म्हणून तिचं काम कामात धरलं जात नाही, हे त्यांनी दाखवलं. हे कळल्यापासून जत्रेत क्रोशेच्या वस्तूवर मी घासाघीस करत नाही, आणि दुसरं कुणी करत असेल तर मध्ये बोलते.

८. दिलेल्या वस्तूचा पिच्छा पुरवू नये. आत्यांना दिलेला बटवा त्यांनी शेजारणीच्या नातीला देऊन टाकला आणि ती तो घेऊन शाळेत जाते. चुलत सासरे कानटोपी गांधी टोपीच्या आत घालतात, बाहेर दिसू देत नाहीत. सालदाराच्या टोपीच्या पट्ट्या पहिल्याच हंगामात मळल्या, एक उसवली. त्याची धाकटी ती दुरुस्तीला घेऊन आली आणि दुरुस्ती बघत तिथंच बसून राहिली. “हाई कसं करतस, काकू?” म्हणाली. साखळी तिला लगेच जमली, मुका खांब अजून निसटतो. सुई आणि हिरवा गुंडा मी तिच्याकडेच राहू दिलाय. तिला त्यांच्या बकरीसाठी गळपट्टा करायचा आहे. उद्या बकरीच्या मानेचं माप घेऊन ये, असं सांगितलंय.