ज्वारीला पुन्हा मान आला. पण शेतकऱ्याच्या पदरात काय?

रब्बी ज्वारी हे आपल्या अवर्षणप्रवण भागातील माणसाचे आणि जनावराचे हक्काचे पीक आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत शहरात भाकरी खाणे हे गरिबीचे लक्षण मानले जाई. आज तीच भाकरी मोठ्या हॉटेलांच्या यादीत अग्रभागी दिसते. ज्वारीचे पोहे, इडलीचा रवा, शेवया, बिस्किटे, नाचणीचे डोसे असे पदार्थ दुकानांत आले आहेत. मागील हिवाळ्यात पुण्यात एका भोजनगृहात मी एका भाकरीचे पंचवीस रुपये मोजले. घरी आल्यावर वडिलांना हे सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "त्यातले आपल्याकडे किती येतात, तेवढं सांग."

या लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे. नव्या मागणीचा लाभ घ्यायचा असेल तर शेतकरी बंधू-भगिनींनी काय समजून घ्यावे आणि काय करावे, हे पुढे दिले आहे.

ज्वारीचा मान का गेला?

१९७० च्या सुमारास देशात ज्वारीखाली १७० लाख हेक्टरहून अधिक क्षेत्र होते. अलीकडच्या वर्षांत ते ४० लाख हेक्टरच्या आसपास आले आहे. या घटीची कारणे अनेक आहेत.

१) १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. सरकारी खरेदीचा भर गहू व तांदळावर राहिला आणि तेच धान्य रेशनवर स्वस्तात मिळू लागले. साहजिकच ज्वारी पिकविणारा शेतकरीही रेशनचा गहू खाऊ लागला.

२) खरीप संकरित ज्वारीचे उत्पादन वाढले, परंतु दाणे भरण्याच्या व पक्वतेच्या वेळी पाऊस आल्यास कणसावर बुरशी येऊन दाणे काळे पडतात. अशा ज्वारीला भाव मिळत नाही. त्यामुळे खरिपात सोयाबीन व कापसाने तिची जागा घेतली.

३) पाणी आले तेथे ऊस, गहू, हरभरा आला. शिवाय ज्वारीची काढणी अजून बहुतांशी हाताने उपटून करावी लागते. मजुरी वाढली आणि मजूर मिळेनासे झाले.

४) १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल परदेशी मिलो जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. ज्वारी म्हणजे टंचाईचे अन्न ही समजूत अशा आठवणींतूनही पक्की झाली.

मान परत कसा आला?

केंद्र शासनाने २०१८ हे वर्ष राष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि त्याच वर्षी ज्वारी, बाजरी, नाचणी इत्यादी पिकांना 'पौष्टिक तृणधान्ये' असे नाव दिले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने मार्च २०२१ मध्ये ठराव करून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केले. २०२३ च्या अर्थसंकल्पात या धान्यांना 'श्री अन्न' म्हटले गेले. मधुमेह व लठ्ठपणा वाढल्याने शहरी ग्राहकही तंतुमय आहाराकडे वळला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नाव बदलल्याने मागणी वाढते, पण नाव बदलल्याने खरेदी होत नाही. मालदांडी ज्वारीची किमान आधारभूत किंमत २०२३-२४ मध्ये क्विंटलला ३,२२५ रुपये होती, ती २०२५-२६ साठी ३,७४९ रुपये जाहीर झाली. मात्र ही किंमत हाती पडण्यासाठी खरेदी केंद्र वेळेवर सुरू व्हावे लागते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्याचाही समावेश आहे. कर्नाटकात रेशनवर नाचणी व ज्वारी दिली जाते. ओडिशाने २०१७ पासून भरडधान्य अभियान राबवून नाचणीची हमीभावाने खरेदी सुरू केली आणि पुढे अंगणवाडीतील मुलांना नाचणीचे लाडूही दिले. जेथे शासन स्वतः नियमित गिऱ्हाईक बनते, तेथे शेतकरी निर्धास्तपणे पेरतो. आपल्याही ग्रामसभांनी व उत्पादक गटांनी शाळा, अंगणवाडी आणि रेशन दुकान यांसाठी स्थानिक ज्वारीची मागणी लावून धरणे आवश्यक आहे.

भाकरीतील आपला वाटा

एक किलो पिठाच्या मध्यम आकाराच्या ११ ते १२ भाकरी होतात. ३,७४९ रुपये क्विंटल या दराने एका भाकरीतील ज्वारीची किंमत तीन ते साडेतीन रुपये येते. म्हणजे पंचवीस रुपयांच्या भाकरीत शेतकऱ्याचा वाटा सातवा ते आठवा हिस्सा आहे. उरलेले सर्व पैसे हॉटेलवाल्याचा नफा असे समजणे बरोबर नाही. त्यात वाहतूक, दळण, गॅस, जागेचे भाडे आणि भाकरी थापणाऱ्या बाईची मजुरी आहे. यातील वाहतूक, निवड, प्रतवारी, दळण व पॅकिंग ही कामे मात्र आपण गावात करू शकतो. तेवढाच पैसा गावात थांबेल.

घरचा धडा

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरची बारा क्विंटल ज्वारी शहरातील एका पीठ विक्रेत्याने नमुना पाहून पसंत केली. बाजारापेक्षा चांगला दर ठरला. प्रत्यक्ष माल गेल्यावर त्याने चाळणी मारली, तेव्हा त्यात सोंडे निघाले, खडे निघाले आणि गव्हाचे दाणेही निघाले. ज्या जुन्या पोत्यांत आदल्या वर्षी गहू होता, तीच पोती न झटकता वापरली होती. संपूर्ण माल परत आला. जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडले आणि ज्वारी शेवटी तालुक्याच्या बाजारात कमी दराने विकावी लागली. वडील म्हणाले, "पोरांना साठवणूक शिकवतोस ना तू?" मी वर्गात दरवर्षी तो पाठ शिकवीत होतो, पण घरची पोती पाहिली नव्हती. विक्रेत्याची यात काही चूक नव्हती. पुढील सूचना म्हणूनच काळजीपूर्वक वाचाव्यात.

पेरणीपूर्वी ठरवावयाच्या गोष्टी

जमिनीनुसार वाण : हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा व फुले माउली, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, परभणी मोती व मालदांडी ३५-१, भारी जमिनीसाठी फुले वसुधा, फुले यशोदा व पीकेव्ही क्रांती, बागायतीसाठी फुले रेवती हे वाण निवडावेत. मालदांडी ३५-१ हा मोहोळ येथे निवड पद्धतीने तयार झालेला जुना वाण आजही भाकरी व कडब्याच्या प्रतीमुळे लोकप्रिय आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हुरड्यासाठी विक्री करावयाची असल्यास फुले मधुर, फुले उत्तरा किंवा परभणी वसंत हे वाण वेगळ्या क्षेत्रात घ्यावेत. एका गटाने एकच वाण घेतल्यास एकसारखा माल मोठ्या प्रमाणात मिळतो व खरेदीदार दारापर्यंत येतो.

पेरणी : १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात पेरणी करावी. लवकर पेरल्यास खोडमाशीचा उपद्रव वाढतो, उशिरा पेरल्यास ओल कमी पडते. हेक्टरी १० किलो बियाणे वापरून ४५ सें.मी. अंतरावर दोन चाड्यांच्या पाभरीने पेरावे. काणी रोगासाठी ३०० मेश गंधक प्रति किलो बियाण्यास ४ ग्रॅम चोळावे. मध्यम जमिनीत कोरडवाहू पिकास हेक्टरी ४० किलो नत्र व २० किलो स्फुरद पेरणीबरोबरच द्यावे.

ओल टिकविणे : पावसाळ्यात उताराला आडवे छोटे वाफे करून पाणी जिरवावे. तिसऱ्या आठवड्यात फटीच्या, पाचव्या आठवड्यात पासाच्या आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने कोळपणी करावी. शेवटच्या कोळपणीने जमिनीच्या भेगा बुजतात व ओल उडून जात नाही. एकच पाणी देणे शक्य असल्यास पीक पोटरीत असताना, म्हणजे ५० ते ५५ दिवसांनी द्यावे.

काढणी व साठवण

दाणे टणक झाल्यावर काढणी करावी. मळणी स्वच्छ खळ्यावर अथवा ताडपत्रीवर करावी. खडे बहुधा येथेच मिसळतात. धान्य उन्हात वाळवून ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आणावा. दाणा दाताखाली चावल्यास 'कट्' असा आवाज आला पाहिजे. शक्यतो नवीन पोती वापरावीत. जुनी वापरावयाची असल्यास उलटी करून झटकावीत, धुऊन कडक उन्हात वाळवावीत. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर ठेवून रचावीत. नव्या-जुन्या धान्याच्या थप्प्या एकत्र ठेवू नयेत. हवाबंद पिशव्या किंवा कोठी उपलब्ध असल्यास त्यांचा वापर करावा. राहत्या घरात धुरीच्या विषारी गोळ्या ठेवू नयेत. त्यातून निघणारा वायू प्राणघातक आहे.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ सप्टेंबर २०२३ पासून १५ भरडधान्यांसाठी एकत्रित गुणवत्ता मानके लागू केली आहेत. त्यात ओलावा, इतर धान्याची भेसळ, किडके व अपक्व दाणे यांबरोबर यूरिक आम्लाची मर्यादाही आहे. किडींच्या विष्ठेतून हे आम्ल धान्यात येते. म्हणून वरून चाळून सोंडे काढले तरी प्रयोगशाळेत पूर्वीची कीड लपत नाही.

पीठ विकावयाचे असल्यास

ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते व भाकरी थापताना चिरते. बाजरीत स्निग्धांश सुमारे ५ टक्के म्हणजे ज्वारीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे तिचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. म्हणून महिनाभराचे दळण एकदम न करता आठवड्याच्या मागणीपुरतेच दळावे व पाकिटावर दळणाची तारीख घालावी. शहरातील गृहिणींना भाकरी जमत नाही ही मोठी अडचण आहे. पाकिटाबरोबर 'उकळत्या पाण्यात पीठ भिजवावे, चांगले मळून लगेच थापावे' एवढी सूचना छापली तरी गिऱ्हाईक टिकते. गरम पाण्याने पिठातील स्टार्च फुगून चिकटपणा येतो. विक्रीपूर्वी अन्न परवाना अथवा नोंदणी करून घ्यावी.

'मल्टीग्रेन' नावाच्या अनेक पदार्थांत ज्वारी-नाचणी नावापुरतीच असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने भरडधान्याच्या पिठाच्या मिश्रणास कर-सवलत देताना किमान ७० टक्के भरडधान्याची अट घातली होती. आपल्या मालात काय किती आहे, हे स्पष्ट लिहिणे हीच आपली जाहिरात समजावी.

खोटे दावे करू नयेत

ज्वारीत तंतुमय घटक चांगले आहेत आणि नाचणीत १०० ग्रॅममध्ये ३४० मि.ग्रॅ.हून अधिक कॅल्शियम असते. हे गुण खरे व पुरेसे आहेत. परंतु 'ज्वारीने मधुमेह बरा होतो' असे छापणे चूक आहे. भाकरी हे अन्न आहे, औषध नव्हे. ज्वारीत ग्लुटेन नसते हे खरे, पण गहू दळलेल्या चक्कीवर तीच ज्वारी दळल्यास तिच्यात गव्हाचे पीठ मिसळते. ज्या रुग्णांना ग्लुटेन वर्ज्य आहे त्यांना अशा पिठाने त्रास होऊ शकतो. स्वतंत्र चक्की असल्याशिवाय तसा उल्लेख करू नये.

निर्णय कसा घ्यावा?

शहरातील आवड आज आहे, उद्या बदलेल. म्हणून केवळ बातम्या वाचून सर्व रान ज्वारीखाली आणू नये. पुढील क्रमाने विचार करावा.

१) प्रथम घरची भाकरी व जनावरांची वैरण यांचा हिशेब करावा. धान्याचा भाव पडला तरी कडब्याची किंमत पीक तारून नेते. केवळ धान्याच्या दरावरून नफा-तोटा काढणे चुकीचे आहे.

२) उरलेल्या क्षेत्रापैकी थोड्या भागाची ज्वारी निवडून, प्रतवारी करून थेट विकावी. पहिल्या वर्षी दोन-चार क्विंटल पुरेत.

३) मजुरी, दळण, पाकिटे, भाडे व परत आलेला माल यांची वहीत नोंद ठेवावी. हा खर्च वजा जाता बाजारभावापेक्षा जास्त पैसे उरत असतील, तरच पुढील वर्षी क्षेत्र वाढवावे.

४) एकट्याने न जाता दहा-पंधरा शेतकऱ्यांचा गट करून चाळणी यंत्र व साठवणुकीची जागा सामाईक घ्यावी.

मागील वर्षी आम्ही नव्या पोत्यांत, स्वच्छ चाळलेली अवघी तीन क्विंटल ज्वारी त्याच विक्रेत्याकडे पाठविली. या वेळी माल परत आला नाही. वडिलांनी हिशेबाची वही पुढे केली आणि पोत्यांचा खर्च लिहायचा राहिला होता तो दाखवून दिला. ज्वारीला मान देणारे पुष्कळ भेटतील. वही मात्र आपली आपणच लिहावी लागेल.