चहा खाण्यात धरत नाहीत!

आमच्या घरी चहा हा खाण्यात धरत नाहीत. उपासाला चालतो, पूजेआधी चालतो. त्यामुळे डॉक्टरांनी ‘गोळी रिकाम्या पोटी घ्या’ असं सांगितलं तेव्हा मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून ती सकाळच्या चहाबरोबर गिळू लागले. तो घोट मला सहा महिने भोवला.

मे महिना होता. घरचे पंख्याखाली तळमळत होते आणि मी गोधडी शोधत होते. वर्गात शिकवताना आवाज घोगरा यायचा, सकाळी पापण्या सुजलेल्या, कंगव्यात केसांचा पुंजका. तपासणीत टीएसएच १८ निघाला. ‘वाढलाय’ म्हटल्यावर मला वाटलं, थायरॉइड जोरात चाललंय. खरं तर उलटं असतं. टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीने मारलेली हाक. गळ्यातली ग्रंथी सुस्तावली की हाक मोठी होत जाते. माझा आजार ‘हाशिमोटो’ निघाला. आपलीच प्रतिकारशक्ती या ग्रंथीवर उलटते. हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव.

लिव्होथायरॉक्सिनची पन्नासची गोळी सुरू झाली. पन्नास म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. तिसऱ्या दिवसापासूनच मी आरशात फरक शोधायला लागले. पण ही डोकेदुखीची गोळी नव्हे. ती शरीरात हळूहळू साठते. रक्तातली पातळी निम्मी व्हायलाच साधारण आठवडा लागतो, आणि स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे. म्हणून पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. थकवा दोन-तीन आठवड्यांत थोडा हलका होऊ लागतो. केस आणि त्वचा सुधारायला काही महिने जातात. वजनाचं म्हणाल तर उतरतं ते बरंचसं अंगात साठलेलं पाणी. बाकीचं चालूनच उतरवावं लागतं.

जुलैत टीएसएच १३ आला, पंचाहत्तरची गोळी झाली. सप्टेंबरात ११, मग शंभरची. दोन्ही वेळा डॉक्टरांनी विचारलं, “गोळी रोज घेताय ना?” मी म्हणाले, “रोज घेते, एक दिवस चुकवत नाही.” खोटं काहीच नव्हतं. फक्त ओट्यावर चहाच्या डब्याशेजारी दोन बाटल्या असायच्या, एक थायरॉइडची आणि दुसरी गुडघ्यांसाठी दिलेल्या कॅल्शियमची. एका घोटात दोन्ही उरकायच्या, हे मी कधी बोललेच नाही. कोणी विचारलंही नाही.

ऑक्टोबरात कॅल्शियमच्या गोळ्या संपल्या. दिवाळीला बहिणीकडे गेले. तिच्याकडे सगळ्यांच्या अंघोळी झाल्याशिवाय चहा नाही, म्हणून गोळी नुसत्या पाण्याबरोबर घेतली. ती सवय बरी वाटली, घरीही तशीच ठेवली. नोव्हेंबर सरता सरता फळ्यावर लिहिताना माझा हात कापू लागला. रात्री उशीवर कान टेकला की छातीतली धडधड ऐकू यायची. थंडीत घाम, आणि वर्गातल्या पोरांवर उगाच खेकसणं. टीएसएच ०.०५!

या वेळी डॉक्टरांनी प्रश्न बदलला. “गोळी कशाबरोबर घेत होतात?” मग सगळं बाहेर आलं. कॅल्शियम आतड्यात या औषधाला धरून ठेवतं, चहा-कॉफीनेही ते कमी शोषलं जातं. बादली गळत होती म्हणून नळ मोठा करत गेलो, आणि गळती बुजल्यावर बादली वाहायला लागली. शंभरची पुन्हा पंचाहत्तर झाली. दोन महिन्यांनी टीएसएच २.४.

म्हणून नव्याने गोळी लागलेल्यांना सांगते. उठल्या उठल्या, साध्या पाण्याबरोबर घ्या आणि चहाआधी अर्धा ते एक तास जाऊ द्या. सकाळ जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर तीन तासांनी घ्या. पण वेळ एकच ठेवा. ही गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या यांत चार तासांचं अंतर हवं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा, त्याने रिपोर्ट फसवा येऊ शकतो. बाटली ओट्यावर वाफेत ठेवू नका, आणि घेताना तिच्यावरचा आकडा वाचा. २५ आणि १२५ घाईत सारखेच दिसतात. कंपनी बदलली तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

एखादी गोळी राहिली तर आकाश कोसळत नाही. त्याच दिवशी आठवली की घ्या, दुसऱ्या दिवशी मनाने दोन घेऊ नका. रिपोर्ट चांगला आला म्हणून बंद तर मुळीच करू नका. तो गोळीमुळेच चांगला आलेला असतो. वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्यांना कमी मात्रेपासून सुरुवात करून देतात. शेजारणीची शंभरची बघून त्यांनी हिरमुसू नये. दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना फोन करा, कारण तेव्हा गरज बहुधा वाढते. धडधड, कापरं सुरू झालं तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका, आणि छातीत दुखलं तर तडक दवाखाना गाठा.

माझी बाटली आता उशाशी, तांब्याजवळ असते. परवा शाळेत एका बाईंना पन्नासची सुरू झाली. “रिकाम्या पोटी घेते हो, अगदी रोज,” त्या म्हणाल्या. मी विचारलं, “आणि सकाळचा चहा किती वाजता?”