क्रिटिकल पाथवर आजी

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय तसा अभ्यासाचाच आहे. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पेपरात क्रिटिकल पाथवर एक मोठं गणित हमखास येतं. आपण गोल काढतो, बाण काढतो, फॉरवर्ड पास, बॅकवर्ड पास करतो आणि पेपर संपला की विसरतो. मीही विसरले असते. पण गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत आजीला विमानाने हैदराबाद दाखवायचं ठरलं आणि "तू इंजिनिअर ना, मग तूच ठरव" असं म्हणून बाबांनी सगळं माझ्या गळ्यात घातलं.

आजी ७८ वर्षांची. जन्म हैदराबादचा. तिचे वडील तिथे सरकारी कचेरीत कारकून होते. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि यांचं बिऱ्हाड औरंगाबादला हललं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्यानंतर जाणं झालंच नाही. तिला एकच गोष्ट पक्की आठवत होती : सालारजंग म्युझियममध्ये एक घड्याळ आहे, त्यातून एक छोटा दाढीवाला माणूस बाहेर येतो आणि टोले देतो. "बाराचे टोले ऐकायचे गं एकदा," एवढीच तिची मागणी. गुडघे दोन्ही गेलेले.

मी काय केलं? सगळ्यात स्वस्त तिकीट शोधलं. शुक्रवारी सकाळी जाणं, रविवारी संध्याकाळी येणं, पैसे परत मिळणार नाहीत अशा अटीवर. शुक्रवारी म्युझियम, शनिवारी चारमिनार, रविवारी गोवळकोंडा. वहीत सुंदर तक्ता काढला आणि रूमवर मिरवला. माझी रूममेट नांदेडची. तिने तक्ता पाहिला आणि म्हणाली, "अगं येडे, शुक्रवारी सालारजंग बंद असतं!"

खरंच बंद असतं. चौमहल्ला पॅलेसही शुक्रवारीच बंद. आपल्या डोक्यात सोमवार बसलेला असतो, कारण बऱ्याच म्युझियमना सुट्टी सोमवारी असते. तेव्हा पहिला धडा हा की तिकीट काढण्याआधी सुट्टीचा वार बघायचा. आमच्या सरांच्या भाषेत ही 'कन्स्ट्रेंट', आणि कन्स्ट्रेंट आधी मांडायची असते. नशीब, वार बदलता आले. गोवळकोंडा शुक्रवारी दुपारी टाकला आणि म्युझियम शनिवारी.

मग मात्र मी नीट बसले. क्रिटिकल पाथची पद्धत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीत कारखान्यांच्या कामासाठी तयार झाली आणि पर्ट पुढच्याच वर्षी अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी. पर्टमध्ये प्रत्येक कामाच्या तीन वेळा धरतात : सगळं सुरळीत झालं तर, बहुधा लागेल ती, आणि सगळं बिघडलं तर. घर ते लोहगाव विमानतळ मी ४०, ६० आणि १४० मिनिटं धरली (पुण्याची वाहतूक ज्यांनी पाहिली आहे ते १४० ला हसणार नाहीत). मधल्या आकड्याला चारने गुणून तिन्हींची बेरीज केली की ४२०, भागिले ६ म्हणजे ७० मिनिटं. पण ७० धरून निघालात तर जवळजवळ निम्म्या वेळा उशीर होणार! शेवटच्या आणि पहिल्या आकड्यातला फरक १००, त्याला ६ ने भागलं की साधारण १७. त्याच्या दुप्पट ३४ वर टाकायची, म्हणजे १०४. आम्ही पावणेदोन तास आधी निघालो. बहुतेक विमान कंपन्या सामानाचं काउंटर उड्डाणाआधी ६० मिनिटं बंद करतात, तिथे गयावया चालत नाही.

विमान हवेत असतं सव्वा तास, पण दारापासून दारापर्यंत हिशोब केला तर साडेसहा तास होतात. तरुण मुलांनी रात्रीची रेल्वे धरावी असं माझं स्पष्ट मत आहे. आजीसाठी मात्र विमानच बरं, कारण तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवली तर दारापासून सीटपर्यंत माणूस नेऊन सोडतो.

हॉटेलच्या बाबतीत मी पुन्हा फसणार होते. स्विमिंग पूलचे फोटो बघून हायटेक सिटीतलं जवळपास नक्की केलं होतं. म्युझियम मुसी नदीच्या दक्षिण काठावर, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. शेवटी कोठीतलं साधं हॉटेल घेतलं. फोनवर "लिफ्ट आहे का?" विचारलं, "आहे" म्हणाले. होती हो, पण पहिल्या मजल्यापासून वर! खालच्या अठरा पायऱ्या आजी बसत-उठत चढली. तेव्हा लिफ्ट 'कुठून' सुरू होते ते विचारा.

शुक्रवारी गोवळकोंड्याला आजी वर येणं शक्यच नव्हतं. ती बाला हिसारच्या दरवाजातल्या घुमटाखाली थांबली, मी साडेतीनशेच्या वर पायऱ्या चढून गेले. खाली वाजवलेली टाळी माथ्यावर ऐकू येते, हे पुस्तकात वाचलं होतं. शत्रू आल्याची वर्दी देण्याची ती सोय. ठरलेल्या वेळी मी कान लावून बसले. पाच टाळ्या. नंतर कळलं, आजीने तीनच वाजवल्या होत्या, दोन दुसऱ्याच कुणाच्या तरी होत्या.

शनिवारचा बॅकवर्ड पास असा. बाराला टोले. ११.४० ला घड्याळासमोर. तिकीट, पिशव्या जमा करणं आणि व्हीलचेअर यांना अर्धा तास, म्हणजे ११.१० ला गेटवर. रिक्षाला अर्धा तास, म्हणजे १०.४० ला हॉटेलच्या दारातून निघणं. फ्लोट २० मिनिटं. त्या पायऱ्यांनी १२ मिनिटं खाल्ली, व्हीलचेअर रिकामी व्हायला आणखी ५ गेली. ११.५७ ला आम्ही घड्याळासमोर पोचलो. समोरच्या रांगा भरलेल्या होत्या. एका बुरखेवाल्या बाईंनी आपल्या मुलाला उठवून आजीची खुर्ची पुढे घ्यायला लावली.

दाढीवाला बाहेर आला. आजी मोठ्याने मोजायला लागली, एक, दो, तीन... आणि शेवटी "ग्यारा, बारा." आमच्या घरात तिला कधी कुणी मराठीशिवाय दुसऱ्या भाषेत मोजताना ऐकलं नव्हतं. मग म्हणाली, "इमारत ही नव्हती गं." बरोबरच होतं. म्युझियम १९५१ साली दिवाण देवडीत सुरू झालं आणि या इमारतीत १९६८ मध्ये आलं. नऊ वर्षांच्या मुलीची आठवण पक्की निघाली.

पुढे बेंझोनीची १८७६ ची 'व्हेल्ड रिबेका' बघितली. संगमरवराचा बुरखा इतका पातळ कसा दिसतो, यावर मटेरियल्सच्या सरांनी खरं तर एक लेक्चर घ्यावं. बाकी दालनं मी सोडून दिली. म्युझियम अफाट आहे, आणि दीड तासानंतर आजीचे पाय काय, माझेही बोलायला लागले होते.

रविवारी पुरानी हवेलीत निजाम म्युझियम. तिथे सहाव्या निजामाचं लांबच लांब कपाट आहे आणि हाताने फिरवायची लाकडी लिफ्टसुद्धा. आजी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बघ, ही खालपासून आहे."

येताना रूममेटसाठी कराची बेकरीचे फ्रूट बिस्किटांचे दोन डबे आणले. तिने तीन मागितले होते, पण सामानाचं वजन १५ किलोला ४०० ग्रॅमच कमी भरत होतं.