प्लॅन वाढवायच्या आधी

माझं घर अमरावतीत साईनगरला, ताईचं अकोल्यात जठारपेठेत. दोन्हीकडचं वायफाय मीच बघतो. ताईचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. रात्रीचा व्हिडिओ कॉल मध्येच अडकला की तिचा जीव खालीवर होतो. अशा घरांसाठी हे लिहितोय.

१. आधी तारेवर मोजा. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून स्पीड टेस्ट करा. तारेवर १०० एमबीपीएस आणि आतल्या खोलीत १० मिळत असेल, तर प्लॅन वाढवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. तारेवरही कमी आलं तर केबल तपासा. आठऐवजी चारच तारा जोडलेली केबल १०० च्या वर जात नाही, प्लॅन २०० चा असला तरी.

२. कूलर. वऱ्हाडात यावर बोलायलाच हवं. ताईकडे हिवाळ्यात झकास चालणारं नेट उन्हाळा लागला की मंदावायचं. कारण आतल्या खोलीच्या दारापाशी कूलर उभा राहायचा आणि राउटर त्याच्यामागे टेबलावर. कूलरचा पत्रा लहरी परतवतो, टाकीतलं पाणी आणि ओले पॅड त्या शोषून घेतात. राउटर दाराच्या वर, मोकळ्या भिंतीवर लावला आणि कॉल सुरळीत झाले. लोखंडी आलमारी नि मोठा आरसा यांचंही तसंच. दुसरी गोष्ट उष्णतेची. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि स्लॅबखालची बंद खोली तर भट्टीच होते. तिथे माळ्यावर किंवा टीव्हीमागे राउटर कोंडू नका.

३. राउटर दोन पट्ट्यांवर वायफाय देतो: २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतं, ५ गिगाहर्ट्झ वेगाने धावतं पण जाड भिंतीपाशी दमतं. राउटरच्या खोलीतला टीव्ही, लॅपटॉप ५ वर घ्या. २.४ वर १, ६ आणि ११ यांपैकीच चॅनल निवडा, हे एकमेकांत मिसळत नाहीत. दाट वस्तीत याचा फरक लगेच कळतो.

४. जुन्या मातीच्या भिंतींच्या घरात एका राउटरकडून चमत्काराची अपेक्षा धरू नये. स्वस्त रिपीटर त्याच लहरींवर घेतो आणि त्याच लहरींवर पुढे देतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. त्यापेक्षा मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढा (ती १०० मीटरपर्यंत चालते) आणि तिथे दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावा. वायरमनची मजुरी एकदाच द्यावी लागते. परीक्षेचा अभ्यास करणारं पोर मागच्या खोलीत बसत असेल, तर हा खर्च मी कधीच टाळणार नाही.

५. लोडशेडिंगसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्ही त्यावर हवेत. फायबरची बारीक तार चौकटीच्या कोपऱ्यात काटकोनात वाकवू नका, वाकली की प्रकाश गळतो. डब्यावर लाल दिवा लागला तर राउटर बंद-चालू करत बसू नका, सरळ तक्रार नोंदवा.